कार्यक्रम उरले, संध्याकाळ उरली नाही : १९७० च्या दशकातील ब्रिटिश दूरचित्रवाणी

माध्यमांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे. १९७० च्या दशकातील ब्रिटनमधल्या दूरचित्रवाणीची एक पूर्ण संध्याकाळ, म्हणजे मुलांच्या कार्यक्रमांपासून रात्री प्रक्षेपण बंद होईपर्यंतचा सगळा वेळ, त्या काळच्या घरात दिसली तशी त्यांना पाहायची आहे. त्या काळातले पुष्कळ कार्यक्रम आज विकत मिळतात आणि छापील वेळापत्रकेही हाताशी आहेत. तेव्हा वेळापत्रकाच्या क्रमाने कार्यक्रम एकापुढे एक लावले की ती संध्याकाळ तयार होईल का? जुन्या व्हिडिओ टेप आणि फिल्म दुरुस्त करून त्यांच्या नव्या प्रती काढण्याचे काम मी इंग्लंडमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ केले आहे, त्या अनुभवावरून सांगतो, की होणार नाही. बंदिशी सुट्या सुट्या ध्वनिमुद्रित मिळाल्या म्हणून मैफल मिळत नाही, तसेच हे आहे. तरीही बरेच काही करता येते, आणि ते कसे करावे हे कळण्यासाठी काय हरवले आणि का हरवले हे आधी समजून घ्यावे लागेल.

मुळात आपण जिला एक संध्याकाळ म्हणतो ती एक नव्हती. वाहिन्या तीनच होत्या : बीबीसी १, बीबीसी २ आणि आयटीव्ही. चौथी वाहिनी यायला २ नोव्हेंबर १९८२ उजाडावा लागला. त्यांतली आयटीव्ही ही देशभर एकच चित्र दाखवणारी वाहिनी नव्हती, तर मँचेस्टरची ग्रॅनाडा, लीड्सची यॉर्कशायर, बर्मिंगहॅमची एटीव्ही अशा प्रादेशिक कंपन्यांचा तो संघ होता. लंडनमध्ये तर आठवड्याची वाटणीच झालेली होती. सोमवारपासून शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत थेम्स ही कंपनी आणि त्यापुढे रविवार रात्रीपर्यंत लंडन वीकेंड ही दुसरी, असा तो व्यवहार होता. एकच मालिका निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या वेळी दिसे. ‘क्रॉसरोड्स’ ही रोजच्या जेवणापूर्वीची लोकप्रिय मालिका थेम्सने १९६८ मध्ये काही महिने बंद ठेवली होती. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा लंडनचे प्रेक्षक कथानकात सुमारे सहा महिने मागे पडलेले होते आणि ते १९७५ पर्यंत मागेच राहिले. सुट्टीत बर्मिंगहॅमच्या नातेवाइकांकडे गेलेल्या लंडनकराला पुढची गोष्ट आधीच कळत असे.

दुसरे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. १ डिसेंबर १९७६ च्या संध्याकाळी थेम्सच्या ‘टुडे’ या थेट प्रक्षेपित कार्यक्रमात सेक्स पिस्टल्स या गायकवृंदाने निवेदक बिल ग्रंडी यांच्यासमोर शिव्या दिल्या आणि ग्रंडी यांना दोन आठवडे निलंबित व्हावे लागले. आज हा प्रसंग साऱ्या ब्रिटनने पाहिला असे समजले जाते. पण तो दिसला फक्त लंडन परिसरात, आणि उरलेल्या देशाला तो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून समजला. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की तारीख निवडताना गावही निवडावे.

गावाबरोबर घरही निवडावे लागेल. बीबीसी २ ने रंगीत प्रक्षेपण १ जुलै १९६७ रोजी विम्बल्डनपासून सुरू केले आणि बीबीसी १ व आयटीव्ही १५ नोव्हेंबर १९६९ रोजी रंगात आल्या. याचा अर्थ घरे रंगीत झाली असा नाही. १९७१ मध्ये कृष्णधवल संचाचा वार्षिक परवाना ७ पौंडांना आणि रंगीत संचाचा १२ पौंडांना होता, संच स्वतः महाग आणि वरचेवर बिघडणारा असे, त्यामुळे पुष्कळ कुटुंबे तो विकत न घेता महिन्याच्या भाड्याने आणत. दशकाच्या पूर्वार्धात बहुसंख्य घरे कृष्णधवलच होती. ज्यांच्याकडे ४०५ आडव्या रेषांनी चित्र उमटवणारा जुना संच होता त्यांना बीबीसी २ मुळी दिसतच नसे, कारण ती पहिल्या दिवसापासून ६२५ रेषांवरच चालली. ‘पॉट ब्लॅक’ हा स्नूकरचा कार्यक्रम बीबीसी २ ने रंगीत चित्राचे सामर्थ्य दाखवण्यासाठीच सुरू केला होता, आणि तो हौसेने पाहणाऱ्या असंख्य लोकांना टेबलावर करड्या रंगाच्या कमीअधिक छटांचे चेंडू दिसत. आज आपण त्याची स्वच्छ रंगीत प्रत पाहतो तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधीच न पाहिलेली गोष्ट पाहत असतो.

आता एखाद्या साध्या सोमवारची रचना पाहू. बीबीसी १ वर साडेचार-पाचच्या सुमारास मुलांचे कार्यक्रम चालू असत आणि सोमवारी व गुरुवारी त्यांत ‘ब्लू पीटर’ असे. बातम्यांच्या अगदी आधी ‘द मॅजिक राउंडअबाउट’ ही पाच मिनिटांची बाहुलीपटांची मालिका लागे. तिची चित्रे फ्रेंच होती, पण इंग्रजी संहिता एरिक थॉम्प्सन यांनी मूळ संवादांचा आधार न घेता स्वतंत्रपणे लिहिली होती. ही पाच मिनिटे तिथे ठेवण्यात मोठे शहाणपण होते, कारण कामावरून नुकतीच परतलेली वडीलमाणसे बातम्यांसाठी संचासमोर येत तेव्हा मुले अजून तिथेच असत आणि दोन्ही पिढ्या ते पाच मिनिटे एकत्र पाहत. पावणेसहाच्या सुमारास बातम्या आणि त्यांच्यामागून ‘नेशनवाइड’. १९६९ पासून १९८३ पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमात आधी प्रत्येक विभाग आपापल्या स्टुडिओतून आपापल्या भागाचे वृत्त देई, आणि ठरलेल्या सेकंदाला सारे विभाग लंडनच्या चित्राला पुन्हा जोडले जात.

त्याच सोमवारी साडेसात वाजता आयटीव्हीवर ‘कोरोनेशन स्ट्रीट’ असे. ग्रॅनाडाची ही मालिका डिसेंबर १९६० पासून चालू होती आणि या दशकात ती सोमवारी व बुधवारी येई. तिच्यामागून आठ वाजता ‘वर्ल्ड इन ॲक्शन’ हा कठोर शोधपत्रकारितेचा अर्धा तास. मालिकेसाठी बसलेला प्रेक्षक उठत नसे, कारण वाहिनी बदलायला उठून संचापर्यंत जावे लागे आणि तिकडे बीबीसी १ वरही त्याच सुमारास ‘पॅनोरमा’ हा चालू घडामोडींचा गंभीर कार्यक्रम असल्याने हलक्याफुलक्या कार्यक्रमाकडे पळायला जागा फारशी नसे. कोट्यवधी सामान्य माणसांनी तुरुंग, औषधकंपन्या आणि नगरपालिकांचे भ्रष्टाचार यांविषयीचे गंभीर कार्यक्रम पाहिले ते या क्रमामुळे. मला हे फार मोलाचे वाटते. कार्यक्रम सुटा करून ‘मागणीनुसार’ ठेवला की तो फक्त आधीच रस असणाऱ्यापर्यंत पोहोचतो. तेव्हाचा क्रम त्याला रस नसलेल्याच्या दिवाणखान्यात नेऊन बसवत असे.

नऊ वाजता सीमारेषा येई. त्यानंतरचे कार्यक्रम प्रौढांसाठी असू शकतात हा संकेत बीबीसी आणि आयटीव्ही या दोन्ही संस्था पाळत असत. बीबीसी १ वर सप्टेंबर १९७० पासून नऊच्या बातम्या होत्या आणि आयटीव्हीवर जुलै १९६७ पासून दहाच्या. या एका तासाच्या अंतरामुळे दोन्ही वाहिन्यांच्या रात्रीचा आकार वेगळा झाला. आयटीव्हीला नऊ ते दहा हा तास अखंड मिळे, आणि तिथेच ऑक्टोबर १९७३ पासून थेम्सची ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ ही दुसऱ्या महायुद्धावरील २६ भागांची माहितीपटमाला दाखवली गेली. बीबीसी २ चा डाव निराळा होता. दोन्ही बीबीसी वाहिन्यांचे कार्यक्रम ठरावीक वेळी एकदमच संपतील अशी सामाईक ठिकाणे वेळापत्रकात मुद्दाम राखलेली असत, आणि त्या क्षणी निवेदक प्रेक्षकाला सांगे की आता तिकडे अमुक सुरू होत आहे आणि इकडे तमुक.

हा जो क्षण आहे, दोन कार्यक्रमांमधला सांधा, तोच आज हरवलेला आहे. बीबीसी १ चा फिरणारा पृथ्वीगोल अनेकांना आठवतो. तो संगणकावरचा नव्हता, कारण तशी सोयच तेव्हा नव्हती. एका काळ्या खोक्यात मोटरवर फिरणारा खराखुरा छोटा गोल, त्याच्यामागे त्याचे प्रतिबिंब पसरट करून दाखवणारा वक्र आरसा, आणि समोर दुरून नियंत्रित होणारा एक कृष्णधवल कॅमेरा, एवढाच तो सरंजाम होता. निळा आणि पिवळा रंग नंतर विद्युत मंडलातून चढवला जाई. घड्याळही तसेच प्रत्यक्ष यंत्र होते. निवेदक लहानशा ध्वनिरोधक खोलीत बसून गोलावर बोले. तिकडे पुढच्या कार्यक्रमाची टेप दहा सेकंद मागे लावून तयार ठेवलेली असे, कारण त्या काळच्या दोन इंची टेपयंत्राला सुरू केल्यावर वेग स्थिर होऊन चित्र नीट बांधले जायला काही सेकंद लागत. यंत्र सुटले की टेपच्या आरंभीचे घड्याळ उलटे मोजू लागे आणि निवेदकाला आपले वाक्य नेमके त्या मोजणीच्या शेवटावर संपवावे लागे. एक सेकंद उशीर झाला तर पुढच्या नाटकाचे पहिले वाक्य त्याच्या आवाजाखाली दडपले जाई आणि लवकर संपले तर प्रेक्षकाला नुसता गोल फिरताना दिसे. हे काम रात्रीतून वीस-पंचवीस वेळा होई, आणि ते थेट प्रक्षेपकाकडे जात असल्यामुळे सहसा कुठेच नोंदले जात नसे.

ही संध्याकाळ सामाईक होती याचा सर्वांत ठोस पुरावा वीजकेंद्रांत सापडतो. लोकप्रिय कार्यक्रम संपला की लाखो घरांत एकाच वेळी चहासाठी विजेच्या किटल्या लागत. एकेक किटली दोन-तीन किलोवॅटची असल्यामुळे काही मिनिटांत मागणी शेकडो मेगावॅटने उसळे. म्हणून वीजजाळ्याच्या नियंत्रण कक्षात दूरचित्रवाणीचे वेळापत्रक समोर ठेवलेले असे, आणि वेल्समधील फेस्टिनिऑगसारखे, ३६० मेगावॅटचे, वर साठवलेले पाणी सोडून झटकन वीज देणारे केंद्र अशा वेळी उपयोगी पडे. कोळसा खाणकामगारांच्या आंदोलनाच्या काळात, १७ डिसेंबर १९७३ पासून, सरकारने वीज वाचवण्यासाठी रात्री साडेदहाला प्रक्षेपण बंद करायला लावले. तेव्हाही सारा देश एकदम उठून दिवे लावू नये म्हणून दोन्ही संस्थांच्या बंद होण्याच्या वेळा थोड्या मागेपुढे ठेवल्या होत्या. ही सक्ती फेब्रुवारी १९७४ मध्ये निवडणूक जाहीर झाल्यावर उठली. तुम्ही निवडलेली तारीख या आठवड्यांतली असेल तर तुमची संध्याकाळ साडेदहालाच संपली पाहिजे. १० ऑगस्ट ते २४ ऑक्टोबर १९७९ मधली असेल तर आयटीव्हीच्या जागी संपाची सूचना देणारी पाटीच हवी. आणि नोव्हेंबर १९७० ते फेब्रुवारी १९७१ मधली असेल तर आयटीव्ही कृष्णधवल हवी, कारण त्या काळात तंत्रज्ञांनी वेतनाच्या वादातून रंगीत यंत्रणेवर काम करणे थांबवले होते.

इथे आपल्या लोकांचा एक उल्लेख आवश्यक वाटतो. भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांसाठी बीबीसीचा ‘नयी जिंदगी नया जीवन’ हा हिंदुस्तानी कार्यक्रम १९६८ पासून बर्मिंगहॅमहून येई, पण तो रविवारी सकाळी असे. मराठी घरांतही तो ऐकला जाई, कारण भारतीय गाणे आणि ओळखीचा चेहरा पडद्यावर दिसण्याची ती आठवड्यातली जवळजवळ एकमेव वेळ होती. संध्याकाळच्या वेळापत्रकात मात्र आमच्यासाठी वेगळी जागा नव्हती. आम्ही शेजारी जे पाहत तेच पाहत असू, आणि दुसऱ्या दिवशी कामावर त्याच्याविषयीच बोलणे होई.

आता हरवण्याची कारणे. दोन इंच रुंदीची टेप फार महाग होती, तिची मोठी रिळे जड असत आणि ती पुसून पुन्हा वापरता येत असे. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांनुसार पुनःप्रक्षेपणाच्या संख्येवर मर्यादा होत्या, त्यामुळे ती संधी संपलेला कार्यक्रम हिशेबी दृष्टीने निरुपयोगी ठरे. रंग आल्यावर कृष्णधवल कार्यक्रम कोणी पुन्हा दाखवणार नाही असेही गृहीत धरले गेले. सगळे जपून ठेवणे ही कोणाचीच जबाबदारी नव्हती, आणि बीबीसीमध्ये हे चित्र १९७८ च्या सुमारास बदलले. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या लोकप्रिय गाण्यांच्या कार्यक्रमाचे १९७६ पूर्वीचे भाग बहुतांश नष्ट झाले ते या व्यवस्थेत. बातमीपत्रांची गोष्ट तर याहून बिकट आहे. बाहेर चित्रित केलेल्या फिल्म ठेवल्या गेल्या, पण स्टुडिओतून वाचलेले बातमीपत्र बहुतेक वेळा नोंदलेच गेले नाही. म्हणजे तुमच्या संध्याकाळच्या मधोमध, नऊ वाजता, एक मोठे भोक असणार आहे.

जे उरले तेही मूळ रूपात असेलच असे नाही. परदेशी विक्रीसाठी रंगीत कार्यक्रमाची कृष्णधवल फिल्म काढली जाई, आणि मूळ टेप पुसल्यावर कधी कधी तीच तेवढी उरली. अशी फिल्म भिंगाखाली धरली की माणसाच्या कोटावर, ओठांवर अतिशय बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. फिल्म काढताना रंगाचा विद्युत संकेत (सिग्नल) गाळायचा राहून गेला की तो असा ठिपक्यांच्या रूपाने चित्रात उमटे. आम्ही कित्येक वर्षे त्याला दोष समजत होतो. नंतर लक्षात आले की त्या ठिपक्यांच्या मांडणीत मूळ रंगाची माहितीच दडलेली आहे, आणि तिच्यावरून ‘डॅड्स आर्मी’ या मालिकेचा १९६९ मधला, फक्त कृष्णधवल उरलेला एक भाग डिसेंबर २००८ मध्ये रंगीत स्वरूपात पुन्हा दाखवता आला. ज्याला आपण कचरा म्हणतो त्याकडे तेव्हापासून मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

सांध्यांविषयी मात्र ही नजर आम्हाला उशिरा आली, आणि त्यात माझाही वाटा आहे. फिलिप्सचे एन १५०० हे घरगुती नोंदणीयंत्र ब्रिटनमध्ये १९७२ मध्ये आले. त्याच्या जाडजूड चौकोनी कॅसेटमध्ये दोन रिळे एकावर एक बसवलेली असत आणि तासभराची टेप मावे. लोक त्यावर नाटक किंवा विनोदी कार्यक्रम नोंदवून घेत आणि तो संपल्यावर यंत्र बंद करायला उठेपर्यंत अर्धे-एक मिनिट जाई. त्या अर्ध्या मिनिटात गोल, निवेदकाचा आवाज, घड्याळ आणि बातम्यांच्या संगीताचे पहिले सूर सापडतात. मी नोकरीला लागलो तेव्हा कामाच्या सूचनापत्रात लिहिलेले असे की कार्यक्रमाच्या पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंतच प्रत काढावी. मी तशाच प्रती काढल्या, आणि मूळ कॅसेट मालकांना परत गेल्या किंवा टाकून दिल्या गेल्या. एका नाटकाच्या शेवटी निवेदिका दुसऱ्या दिवशीच्या धुक्याचा इशारा देत होती आणि बोलता बोलता तिने हलकेच खाकरून घशातला आवाज मोकळा केला, एवढे मला स्पष्ट आठवते. ते आता कुठेही नाही.

तेव्हा काम असे करावे. १९७७ च्या नाताळची रात्र निवडू नका. त्या रात्री बीबीसी १ वर ‘जनरेशन गेम’ हा खेळांचा कार्यक्रम, नकलाकार माइक यारवुड आणि मोरकम व वाइज ही विनोदी जोडी हे ओळीने होते, आणि बीबीसीच्या मोजणीनुसार शेवटच्या कार्यक्रमाला २ कोटी ८० लाख प्रेक्षक होते. दुसऱ्या मोजणीत हा आकडा बराच कमी भरतो. पण ती वर्षातली सर्वांत सजवलेली रात्र होती आणि तिच्यावरून रोजची संध्याकाळ कळत नाही. एक साधा सोमवार किंवा गुरुवार घ्या. ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकातील बीबीसीची वेळापत्रके महाजालावर शोधता येतात, पण आयटीव्हीचे कार्यक्रम त्यात नसतात, त्यांच्यासाठी त्या त्या प्रदेशाच्या आवृत्तीचा ‘टीव्ही टाइम्स’ पाहावा लागेल. छापील वेळापत्रक हा बेत असतो, घडलेली गोष्ट नव्हे. प्रत्यक्ष काय, किती वाजून किती सेकंदांनी गेले याची बीबीसीची रोजची टंकलिखित नोंद रेडिंगजवळील कॅव्हरशॅमच्या लेखी दफ्तरात आहे, आणि तिथे एक दिवस बसल्यावाचून हे काम सुरू करू नये.

मग उपलब्ध कार्यक्रम त्या नोंदीच्या वेळांवर बसवा. जे नाही तिथे तेवढाच वेळ काळा पडदा ठेवा आणि त्यावर कार्यक्रमाचे नाव लिहा. महाजालावर हौशी लोकांनी संगणकावर बनवलेले पृथ्वीगोल पुष्कळ सापडतात आणि ते प्रेमाने केलेले असतात, पण अभ्यासाच्या मांडणीत ते वापरू नयेत, कारण दहा वर्षांनी कोणते खरे आणि कोणते नवे हे कोणालाच सांगता येणार नाही. शेवटी बीबीसी १ चे घड्याळ, हवामान, राष्ट्रगीत आणि संच बंद करण्याची आठवण यांचीही जागा सोडा. ही आठवण औपचारिक नव्हती. तापलेले जुने संच रात्रभर चालू राहिले तर आग लागण्याची भीती असे, आणि डुलकी लागलेल्याला जागे करण्यासाठी प्रक्षेपणानंतर एक कर्कश सूरही सोडला जाई.

आणि शोध घेताना तुम्हाला कोणाच्या माळ्यावर अशी जाडजूड चौकोनी कॅसेट मिळाली, तर ती जुन्या यंत्रात घालून स्वतः चालवून पाहू नका. इतक्या वर्षांनी तिच्यावरचा लेप सुटतो आणि पहिल्याच फेरीत यंत्राला चिकटून जातो. ती कोरड्या जागी उभी ठेवा, पेटीवरचे हस्ताक्षर पुसू नका, आणि प्रत काढणाऱ्या तंत्रज्ञाला लेखी कळवा की कार्यक्रम संपल्यावर यंत्र थांबवायचे नाही, टेप रिळावरून पूर्ण उतरेपर्यंत चालू ठेवायचे.